गावातल्या बायांचं शेतीज्ञान नोंदवताना

बियाणं, कीड, साठवण यांची माहिती गोळा करायला निघालेले बहुतेक जण आधी सातबाऱ्यावरचं नाव शोधतात. ते सहसा पुरुषाचं असतं. मग ज्यानं कणगीत कधी हात घातला नाही, तोच साठवणीवर तासभर बोलतो. त्यापेक्षा आधी कामं लिहा: ज्वारीची कणसं बियाण्यासाठी कोण निवडतं, बी कोण वाळवतं, कीड लागू नये म्हणून त्यात राख कोण मिसळतं. काम जिच्या हातचं, प्रश्न तिलाच.

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कुणी सापडत नाही. उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड) घालताना मात्र चार-पाच जणी एकत्र असतात, तेव्हा जा. सासरा किंवा नवरा शेजारी बसला की उत्तर ठरलेलं: "माले काय माहीत, त्यास्ले इचारा." याला अज्ञान समजू नका, ती चारचौघांत बोलायची रीत आहे. पुरुषांना तेच प्रश्न वेगळे बसवून विचारा.

"तुम्ही शेती करता का?" या प्रश्नाला दिवसभर निंदून आलेली बाईसुद्धा "नाही, घरीच असते" म्हणते. "काल पहाटेपासून काय काय केलं?" असं विचारा. मापं तिचीच घ्या, मूठ किंवा शेर, आणि तिथेच काट्यावर तोलून ग्रॅमही लिहा. "थोडी राख" एवढंच लिहिलं तर नोंद वाया गेली. शब्द आधी अहिराणीत, म्हणजे त्यांच्या खानदेशी बोलीत, उतरवा, प्रमाण मराठी नंतर.

वाण निवडताना पुरुष बहुधा एकरी क्विंटल सांगतील. बाया भाकरी कशी होते, कडबा गुरं खातात का, दाणा किती महिने किडत नाही, हे सांगतील. दोन्ही एकाच तक्त्यात मांडा. बायांचे निकष "इतर माहिती"त गेले की कुणी वाचत नाही.

बाईनं सांगितलं म्हणून खरंही धरू नका. राखेत साठवलेले १०० आणि बिनराखेचे १०० दाणे ओल्या गोणपाटात वेगवेगळे गुंडाळा, गोणपाट ओलं ठेवा आणि दहाव्या दिवशी कोंब मोजा. प्रमाणित ज्वारी बियाण्याला किमान ७५ टक्के उगवण लागते. दुकानदाराच्या सल्ल्यालाही अशीच परीक्षा लावा. ती सहसा कुणी लावत नाही.

फॉर्ममधला "शिक्षण" हा रकाना काढून टाका. तिथे "निरक्षर" दिसलं की वाचणारा पुढचा मजकूर हलका धरतो. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून ज्यांचं नाव आहे, त्या बहिणाबाईंनाही लिहिता येत नव्हतं. नाव परवानगीनं आणि तिचं स्वतःचं लिहा, "अमक्याची बायको" नको. छापण्याआधी मजकूर त्याच जणींना वाचून दाखवा; माप चुकलं असेल तर लगेच कळतं.