कुकरच्या शिट्टीआधीची वीस मिनिटं

मार्कच्या शुभवर्तमानात १:३५ ला एक साधी गोष्ट आहे: येशू पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. आदल्या संध्याकाळी दाराशी अख्खं गाव जमलं होतं, म्हणजे त्यालाही सवड नव्हतीच.

आपल्याला नागपुरातल्या सेमिनरी हिल्स टेकडीची झाडी रोज कुठे मिळणार? म्हणून चित्र काढत शांत बसायच्या या वीस मिनिटांसाठी वही-पेन घेऊन स्वयंपाकघराचं टेबल धरा. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ पुरे. पहिली पाच मिनिटं हात मांडीवर, वहीला शिवायचं नाही. ही पाच मिनिटं फार जड जातात. दूधवाला, गॅस, मुलांचा डबा, सगळं आत्ताच आठवतं. आठवू द्या.

मग समोरच्या एकाच वस्तूचं चित्र काढा. अर्धं सोललेलं संत्रं घ्या. साल जिथे फाटलंय तिथला पांढरा धागा, फोडीवरच्या शिरा. नजर कागदावर न नेता कडेवरून हळूहळू फिरवा आणि पेन तिच्यासोबत सरकू द्या. पेन्सिल नको, साधं बॉलपेनच घ्या, म्हणजे खोडत बसणं होत नाही. चित्र वाकडंच येतं. माझं संत्रं कधी बटाट्यासारखं, कधी वांग्यासारखं झालंय.

आठवडाभर तीच वस्तू ठेवा. मे महिन्यात कूलरची घरघर असतेच, ती बंद करू नका, नागपुरात तेवढा त्याग देवही मागत नसावा. शेवटी चित्राखाली तारीख आणि एका माणसाचं नाव लिहा, त्याच्यासाठी एक ओळ प्रार्थना करा, आणि वही मिटून चहा ठेवा.