आधी ‘कऱ्हाड’ लिहून बघा

कऱ्हाडात घरातूनच माझं टायपिंग आणि डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अर्ज, कधी शाळेचं हस्तलिखित. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे कळलं तेव्हा लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, बघायचं मी मनावर घेतलं. पण ज्या मशीनवर घर चालतं त्याच्यावर प्रयोग करायची माझी तयारी नव्हती. म्हणून व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा, नकली कॉम्प्युटर. विंडोज जसंच्या तसं राहतं आणि लिनक्स त्यातल्या एका खिडकीत चालतं. नाही आवडलं, तर ती व्हीएम डिलीट केली की झालं.

माझा कॉम्प्युटर साधाच आहे, ८ जीबी रॅमचा. तेवढ्यात भागतं, फक्त एका वेळी एकच व्हीएम चालू ठेवायची आणि विंडोजमधला ब्राउझर बंद करायचा.

आधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. तिथे ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘एनेबल्ड’ दिसलं पाहिजे. नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागतं. इंटेलवर त्याचं नाव व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी असं असतं, एएमडीवर एसव्हीएम मोड. मग व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम, व्हर्च्युअलबॉक्स, त्याच्या स्वतःच्या साइटवरून उतरवा. लिनक्सचे वेगवेगळे अवतार असतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रोची आयएसओ फाइलही (इन्स्टॉल करायची फाइल) त्या डिस्ट्रोच्याच साइटवरून घ्या आणि तिथे दिलेला एसएचए-२५६ आकडा, म्हणजे त्या फाइलचा ठसा, जुळवून बघा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधल्या सर्टयूटिल कमांडने तो काढता येतो. फाइल अर्धवट उतरली असेल तर इन्स्टॉल करताना भलतीच एरर येते आणि माणूस नको तिथे शोधत बसतो.

सुरुवात लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीने करा, असं मी सगळ्यांना सांगते. ती हलकी आहे आणि विंडोजची सवय असलेल्याला त्यात मेनू शोधावा लागत नाही. मी तिला ३ जीबी रॅम, २ प्रोसेसर आणि २५ जीबी डिस्क दिली. डिस्क ‘डायनॅमिक’ ठेवली की २५ जीबी लगेच अडकत नाहीत, जेवढं भरेल तेवढीच फाइल वाढते. मशीन बनवताना ‘अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’ नको म्हणा. इन्स्टॉलर स्वतःच्या हाताने चालवून बघणं हाही पारख करण्याचाच भाग आहे. मध्येच ‘इरेज डिस्क’ असा पर्याय येतो, तेव्हा छातीत धस्स होतं. घाबरू नका. ती डिस्क म्हणजे तुम्ही आत्ता बनवलेली २५ जीबीची फाइल. तुमच्या सी ड्राइव्हला हात लागत नाही. माउस खिडकीत अडकला तर उजवीकडचं कंट्रोल दाबा, सुटतो.

लिनक्स पहिल्यांदा नीट चालू झालं की लगेच स्नॅपशॉट घ्या, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती साठवून ठेवा. हे मी कळकळीने सांगते. एकदा आतमध्ये अपडेट चालू असताना आमच्याकडची वीज गेली, यूपीएस नव्हता. परत चालू केलं तर लॉगिनचा पडदाच येईना. आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट रिस्टोर केला आणि चहा उकळेपर्यंत सगळं जागेवर होतं. पण फार स्नॅपशॉट साठवू नका, डिस्क खातात.

आता खरं काम. डिस्ट्रो दिसते कशी, यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला तिच्यात मराठी कशी उमटते ते बघायचं असतं. विंडोजमधला मराठी कीबोर्ड व्हीएमच्या आत चालत नाही. आतल्या लिनक्सला कुठली कळ दाबली एवढंच कळतं, अक्षर कुठलं ते लिनक्सच ठरवतं. म्हणून आत सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ‘आयबस-एम१७एन’ हे भाषांचे कीबोर्ड देणारं पॅकेज शोधून टाका, एकदा लॉगआउट करून परत या. मराठीसाठी त्यात इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, गमभन असे कीबोर्ड मिळतात. मी इनस्क्रिप्टवाली.

मग लिबरऑफिस (वर्डसारखा प्रोग्रॅम) उघडून पहिला शब्द लिहायचा: कऱ्हाड. ‘के’च्या कळेवर क, शिफ्ट धरून ‘जे’वर ऱ, ‘डी’वर हलन्त, ‘यू’वर ह. पडद्यावर ह च्या डाव्या अंगाला ती छोटी आडवी कोयरी दिसली पाहिजे. ह च्या डोक्यावर रफार चढला, तर चुकून साधा र पडला आहे. कोयरीऐवजी ऱ खाली पाय मोडून सुटा उभा राहिला, तर फॉन्ट बदलून बघा. त्याखाली ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ अशा जोड्या लिहा, मग ‘ॲ’ आणि ‘ळ्या’. ल आणि श कडे विशेष लक्ष द्या. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की ही दोन अक्षरं आपल्या वळणाची होतात, ‘हिंदी’ ठेवली की हिंदी वळणाची. पत्रिकेवर ‘श्री’ छापणाऱ्याला हा फरक लगेच टोचतो.

हेच शब्द मी डेबियन आणि फेडोरा या दुसऱ्या दोन डिस्ट्रोंत लिहून पाहिले, प्रत्येकाची व्हीएम वेगळी. फेडोरा वर्कस्टेशन देखणी आहे, पण माझ्या ३ जीबीत तिचा श्वास कोंडत होता. डेबियन शांत, सगळं हळूहळू बदलणारी. कामाच्या मशीनला मला तीच आवडली.

प्रिंटरही इथेच तपासा. व्हीएमच्या खिडकीवरच्या ‘डिव्हायसेस’ मेनूतल्या यूएसबीमधून तो आत जोडता येतो. तेवढा वेळ तो विंडोजला दिसत नाही, हे लक्षात असू द्या. एक पान छापा, कऱ्हाडचंच. पेजमेकरच्या जुन्या फायलींसाठी मात्र मी विंडोज ठेवलं आहे. पेजमेकर लिनक्सवर येत नाही आणि गिऱ्हाइकाच्या पत्रिकेवर मी धोका पत्करणार नाही.

वायफाय, लॅपटॉप झाकल्यावर नीट झोपतो का, उजेड कमी-जास्त करायच्या कळा, यांतलं व्हीएममध्ये काहीच कळत नाही, कारण आतल्या लिनक्सला तुमचं खरं वायफाय कार्ड दिसतच नाही. म्हणून पसंत पडलेल्या डिस्ट्रोचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून कॉम्प्युटर चालू करा आणि इन्स्टॉलचं बटण न दाबता तासभर वापरा. मी डेबियनसोबत तसंच केलं, घरचं वायफाय लागलं, आणि मगच सगळ्या फायली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवायला घेतल्या.