मुलांना आर्क्टिक शिकवा, पण आधी थंडी हाताला लागू द्या

आर्क्टिकचा धडा म्हटला की बहुतेक जण पेंग्विनचं चित्र काढतात. आर्क्टिकमध्ये, म्हणजे उत्तर ध्रुवाकडे, पेंग्विन नाहीत आणि दक्षिणेकडच्या अंटार्क्टिकात पांढरी अस्वलं नाहीत. हा गोंधळ मोठेपणीही राहतो, म्हणून तो आधीच दूर करा.

१. पृथ्वीचा गोल घ्या. उत्तर टोकाला जमिनींनी वेढलेला समुद्र आहे, दक्षिण टोकाला समुद्राने वेढलेली जमीन. हे मुलांना बोट फिरवून स्वतः शोधू द्या. मग आर्क्टिकमधली नॉर्वेची स्वालबार्ड बेटं दाखवा. तिथे न्यू-ओलेसुंदला २००८पासून भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडे आहे. आता खोलीत अंधार करा, गोलाचं वरचं टोक टॉर्चपासून लांब कलतं ठेवा आणि गोल फिरवा. तो कितीही फिरला तरी टोकावर उजेड पडत नाही. हिमाद्रीजवळ ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, तो का, हे आता सांगावं लागत नाही.

२. परातीत बर्फाचं पाणी घ्या. एका प्लास्टिकच्या पिशवीत वनस्पती तूप भरा, आत दुसरी पिशवी घाला, म्हणजे तुपाचा हातमोजा होईल. दुसऱ्या हातासाठी तशाच दोन पिशव्या, पण तुपाशिवाय. (ही दुसरी जोडी टाळू नका, नाहीतर ऊब तुपाची की प्लास्टिकची, हे कळणार नाही.) दोन्ही हात पाण्यात घालायला सांगा, झोंबलं की लगेच काढायचे. पांढऱ्या अस्वलाच्या कातडीखाली सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत चरबी असू शकते. केस ओले झाले की त्यांची ऊब कमी होते. पोहताना खरा आधार चरबीचाच.

३. सारखंच गरम पाणी एका पेल्यात आणि एका पसरट ताटलीत ओता. ओतण्याचं काम मोठ्यांनी करावं. थोड्या वेळाने मुलांना सांगा, कोणतं आधी निवलं ते बघा. ताटलीतलं, कारण तिथे उष्णता निसटायला पृष्ठभाग जास्त. आता आर्क्टिक कोल्ह्याचे आखूड, गोलसर कान आणि सहाराच्या फेनेक कोल्ह्याचे भलेमोठे कान शेजारीशेजारी दाखवा. कारण मुलं स्वतःच सांगतील.

४. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "थंडी होती म्हणून कोल्ह्याने कान लहान करून घेतले," असं चुकूनही म्हणू नका. हे वाक्य सोपं वाटतं, पण पुढे शाळेत उत्क्रांती शिकताना तेच आडवं येतं. त्याऐवजी विचारा, "तू वर्षभर बर्फात राहिलास तर तुझे कान लहान होतील का?" मुलं हसतील, नाही म्हणतील. मग सांगा: फार पूर्वीच्या कोल्ह्यांमध्ये कुणाचे कान जरा मोठे, कुणाचे जरा लहान. लहान कानवाल्यांची उष्णता कमी जायची, त्यामुळे त्यातले जास्त जगले आणि त्यांची पिल्लंही तशीच झाली. असं असंख्य पिढ्या चाललं. एकट्या प्राण्याने काही ठरवलेलं नसतं.

५. शेवटी टार्मिगन पक्ष्याचं चित्र द्या. हिवाळ्यात हा पांढरा होतो, उन्हाळ्यात तपकिरी, आणि त्याच्या पायांच्या बोटांवरही पिसं असतात. याचा त्याला काय उपयोग होत असेल, ते मुलांना सांगू द्या. उत्तर चुकलं तरी लगेच दुरुस्त करू नका, ते तपासायला कोणता प्रयोग करता येईल, एवढंच विचारा.