केसतोडा समजून पिळू नका, आधी गाठ नीट पाहा

मागच्या मे महिन्यात माझ्या लहान भावाच्या जबड्याखाली हरभऱ्याएवढी गाठ आली, लग्नसराई होती न, पोट्टं रोज दाढी घोटत होतं. काकू म्हणे, "केसतोडा हाय, बिब्बा लाव." लावला. दोन दिवसांनी गाठ तिथंच अन् आजूबाजूची कातडी भाजल्यासारखी, नुसते फोड. बिब्ब्याच्या तेलानं कातडी उतते हे आपल्याकडं लहान पोराला पण माहीत असते, तरी गाठ दिसली की पहिले बिब्बाच आठवतो, म्हणून हे लिहितोय.

नंतर मी मोबाईलचा टॉर्च मारून पाहिलं तर गाठीच्या टोकाला कातडीखाली काळा केस वेटोळं घालून बसलेला दिसला. होते असं की ब्लेडनं केस एकदम मुळाशी कापला की टोक धारदार होते, अन् वाढताना ते वळून परत कातडीत घुसते, कुरळ्या केसवाल्यांना हे जास्त. पायात बाभळीचा काटा मोडल्यावर कसं पिकते, तसंच, शरीराला तो केस परकाच वाटतो, मग सूज येते अन् कधीकधी आत पू धरतो. केसतोडा वेगळा, त्यात केसाच्या मुळाशी जंतू शिरतात, तो लवकर लाल होते, गरम लागते अन् लय ठणकते.

दाढीशिवाय काखेत, जांघेत, जिथं केस काढतो तिथं अशी गाठ येऊ शकते. बायामाणसं जांघेतलं कोणाला सांगत नाहीत, महिना महिना सोसतात, कृपा करून असं करू नका, आशाताईला नाहीतर दवाखान्यातल्या नर्सला तरी सांगा.

घरी काय करायचं तर पहिले त्या जागेची दाढी बंद. स्वच्छ सुती फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचं अन् गाठीवर 10-15 मिनिटं धरायचं, दिवसातून 3-4 वेळा. उन्हाळ्यात नको वाटते पण खरं काम हेच करते, कांद्याच्या पोटीसनं आराम पडते तो पण मुख्यतः गरमीचाच. केसाचा वेटोळा वर येऊन बाहेर दिसायला लागला तरच हात धुवून, स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं तो हलकेच मोकळा करा. उपटायचा नाही, नाहीतर नवा केस परत आत वळू शकते. केस दिसत नसेल तर खोदू नका बाप्पा! पिळल्यानं पू आतल्या बाजूला फुटते, गाठ वाढते, डाग राहते. अन् मेडिकलमधून कोणतीही खाजेची ट्यूब आणून लावू नका, बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असते, त्यानं इन्फेक्शन वाढू शकते.

आठ-दहा दिवसांत उतरली नाही, ताप आला, लाली पसरत चालली, किंवा गाठ नाकाजवळ-वरच्या ओठावर असली तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. शुगर असलेल्यानं तर वाटच पाहू नये. अन् परत परत गाठी येत असतील तर शुगर तपासून घ्या.

माकडहाडाजवळची गाठ मात्र घरी हाताळायची नाही. तिथं तुटलेले केस घर्षणानं कातडीत शिरतात, आत पोकळी होते, पू वाहते, बरं वाटते अन् परत भरते. दुसऱ्या महायुद्धात जीप चालवणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हे इतकं दिसलं की त्याला जीपचा आजारच म्हणत. आपल्याकडं दिवसभर ट्रॅक्टरवर आदळत बसणाऱ्या पोट्ट्यांनी हे लक्षात ठेवा, ह्याच्यासाठी सर्जनच पाहिजे, वाहायला लागलं की बहुतेक वेळा ऑपरेशन करावं लागते.

डोक्यातली गुळगुळीत, टणक, सरकणारी, न दुखणारी गाठ बहुतेक वेळा साधीच असते, कधीकधी घराण्यातच चालत येते. त्रास नसेल तर राहू द्या, पण एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. काढायचीच असेल तर पिशवीसकट काढावी लागते, नुसतं दाबून आतलं काढलं तर परत भरते.

भाऊ आता दाढी करत नाही, ट्रिमरनं बारीक ठेवते. लग्नकार्यात ब्लेड लावायचंच असलं तर कोमट पाण्यानं दाढी भिजवून, केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं एकच हात, अन् कटिंगच्या दुकानात ब्लेड आपल्यासमोर नवीन लावायला सांगते.