जुन्या कारखान्याचा माल पातळ होतोय का, हे कसं तपासायचं

आजोबांनी उभ्या केलेल्या कारखान्याच्या खुर्चीत नव्याने बसला असाल, तर पहिल्या आठवड्यात ताळेबंद बाजूला ठेवा आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीची, न वापरलेली आपलीच चादर शोधा. गोदामात नसेल तर एखाद्या मावशीच्या कपाटात आहेरात आलेली घडी निघेल. सोलापुरात चादरींना काय तोटा! माझी हयात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, फोल्डिंग खात्यात गेली. आता मालकांची पोरं बोलावतात, तेव्हा मी आधी ही जुनी चादर मागतो.

जुनी आणि नवी, दोन्ही गरम पाण्यात साबणाने धुऊन, खडखडीत वाळवून मगच काट्यावर ठेवा. न धुता केलेल्या वजनाला अर्थ नाही. खळ जास्त भरली की हलकी चादरही भारदस्त लागते आणि पहिल्या धुण्यात तिचं पोतेरं होतं.

मग भिंग लावून इंचातले आडवे धागे, म्हणजे पिक, सुईने मोजा. समजा माग मिनिटाला 120 पिक मारतो. इंचाला 40 पिक असतील तर तासाला 180 इंच कापड निघतं. 36 केले की 200 इंच. सूत वाचलं, कापड वाढलं, आणि करायचं काय, तर मागाचं एक चाक बदलायचं. मीटिंगमध्ये याला नाही म्हणणारा वेडा ठरतो. मात्र जकार्डच्या, म्हणजे विणतानाच नक्षी उठवलेल्या, चादरीत ही चोरी लपत नाही. नक्षीचे पिक पंचकार्डात, म्हणजे मागावरच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत, ठरलेले असतात, त्यामुळे इंचातले पिक घटले की नक्षी उभी ताणली जाते. दोन्ही चादरी शेजारी अंथरा. नव्या चादरीवरचा मोर जुन्यापेक्षा उंच दिसला, तर मला बोलवायचीही गरज नाही.

बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा ओढून जाळून बघा. सुती असेल तर जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख पडते; कडक मणी झाला तर पॉलिस्टर घुसलंय. ओलं पांढरं फडकं घासून रंगही बघा. रंग लागला तर रंगाऱ्यावर लगेच ओरडू नका. रंगवल्यानंतरची साबणाची धुलाई वाफ वाचवायला कुणी कमी केली, ते आधी विचारा.

आता खरी जागा, चेकिंगचं टेबल. सेकंड, म्हणजे दोष निघून बाजूला काढलेल्या, मालाचं रजिस्टर काढा आणि मागची पाच-सहा वर्षं ओळीने वाचा. सूत तेच, माग तेच आणि सेकंडचं प्रमाण अचानक खाली आलं असेल, तर मॅनेजर पेढे वाटेल. तुम्ही खाऊ नका. बहुतेक वेळा माल सुधारलेला नसतो, माल बाजूला काढणारा हात थांबलेला असतो. चेकर कुणाच्या हाताखाली आहे ते विचारा. उत्पादनाचा बोनस ज्याला मिळतो त्याच्याच हाताखाली असेल, तर तो जाळं, पट्टा, तुटलेली तार (उभा धागा) असे विणीतले सगळे दोष बघतो आणि घडी घालून पुढे सरकवतो. मीही अशा एका साहेबाच्या हाताखाली काढलंय. "गिऱ्हाईक उलटून बघतं का?" हे त्याचं आवडतं वाक्य. बघतं हो. फक्त तक्रार करत नाही, पुढच्या वेळी दुसरं दुकान धरतं.

हे चादरीपुरतं नाही. बोइंगने 1997 मध्ये मॅकडॉनेल डग्लस विकत घेतली, 2001 मध्ये मुख्यालय सिएटलहून शिकागोला नेलं. विमानं बनत राहिली सिएटलकडे, साहेब बसले दूर. हिशेबवाल्यांपुढे इंजिनियरांचं चालेनासं झालं, असं तिथलेच जुने लोक सांगत आले. 2018 आणि 2019 मध्ये 737 मॅक्सची दोन विमानं पडून 346 माणसं गेली. जानेवारी 2024 मध्ये उडत्या विमानाचा दाराच्या जागचा पत्राच निघाला. चार बोल्ट बसवलेच नव्हते. आपल्याकडे मालक पुण्याला फ्लॅट घेतो आणि व्हॉट्सॲपवर रोजचं उत्पादन बघतो.

विणकरांशी बोला, पण केबिनमध्ये बोलावून नको. पाळी बदलताना गेटवर चहा घ्या. तेलुगू येत असेल तर उत्तमच. एकच विचारा: लेकीच्या लग्नात आपल्या कारखान्याची चादर देता का? उत्तराआधी जो थांबतो, त्याने उत्तर दिलेलं असतं. तार तुटली की माग थांबवून सांधायची, ही विणकराची अब्रू. हलकं सूत देऊन, मजुरी मीटरवर ठेवून वर दंड लावलात, तर तो माग थांबवणार नाही. त्याच्या जागी मीही थांबवला नसता.

दुरुस्ती करायची तर चेकर थेट तुमच्या हाताखाली घ्या. मंजूर चादरीचा तुकडा वजन, पिक आणि सही घालून कुलपात ठेवा, आणि तुमच्या सहीशिवाय पिकचं चाक बदलू देऊ नका. बाजार स्वस्त मालच मागत असेल तर तोही जरूर काढा, त्यात पाप नाही. पण त्याला वेगळं नाव, वेगळं लेबल द्या, आणि आजोबांच्या नावाच्या लेबलांचा गठ्ठा त्या खात्यात जाऊ देऊ नका.