घरी ड्राफ्ट बिअरचं यंत्र घ्यायचंय? आधी केग ठरवा

केगरेटर, म्हणजे बिअरचा केग (धातूचं पिंप) आत थंड ठेवून तोटीतून बिअर देणारं कपाट, घ्यायला निघालेला माणूस आधी स्टीलची चकाकी बघतो, मग तोट्या मोजतो, आणि केग कुठून आणायचा हा प्रश्न त्याला यंत्र घरी येऊन बसल्यावर पडतो. हा क्रम उलटा करा. तुम्ही कोणती बिअर पिता आणि ती किती दिवसांत संपवता, यावरून केग ठरतो. केगवरून कप्लर (केगच्या तोंडावरचा जोड), कपाटाची खोली आणि बाकीचं सगळं ठरत जातं. यंत्राचा नंबर शेवटचा.

इथली मापं आणि सवयी मुख्यतः अमेरिकेतल्या आहेत, कारण दुकानातून भरलेला केग घरी आणणं तिथे सर्रास चालतं. युरोपातल्या छोट्या यंत्रांबद्दल आणि महाराष्ट्राबद्दल पुढे थोडं येईलच.

१. घरातला खप मोजा, पार्टीतला नव्हे

अमेरिकेत तीन मापं नेहमी भेटतात. हाफ बॅरल म्हणजे १५.५ गॅलन, सुमारे ५८.७ लिटर, नेहमीच्या ३५५ मिलिलिटरच्या हिशोबाने १६५ ग्लास. क्वार्टर बॅरल त्याच्या निम्मा. आणि सिक्स्थ बॅरल, ज्याला दुकानदार 'सिक्स्टेल' म्हणतात, तो साधारण १९.५ लिटरचा, म्हणजे ५५ ग्लासांचा.

आता घरचा हिशोब मांडा. नवरा-बायको आणि अधूनमधून येणारे मित्र मिळून आठवड्याला १० ग्लास धरू. सिक्स्टेल साडेपाच आठवड्यांत संपेल. हाफ बॅरलला साडेसोळा आठवडे लागतील, आणि अडचण इथेच आहे. पाश्चराइज न केलेली बिअर थंड ठेवून आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखालीही साधारण ४५ ते ६० दिवसच चांगली राहते. पाश्चराइज केलेली असेल तर तीन-चार महिने. अमेरिकेतल्या केगमधली बरीचशी बिअर पहिल्या प्रकारची असते. हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडवट फुलांचा) वास हे जिचं सगळं भांडवल, ती आयपीए बिअर तर त्याहून आधीच फिकी पडते. दर ग्लासमागे स्वस्त पडतो म्हणून मोठा केग घ्यायचा आणि शेवटचा तिसरा हिस्सा मोरीत ओतायचा, यात कसली बचत?

वर्षातून एकदाच, चार जुलैच्या (अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या) बार्बेक्यूसाठी हाफ बॅरल हवा असेल, तर यंत्र घेऊच नका. केगवाल्याकडून हातपंप भाड्याने आणा आणि केग बर्फाच्या टबात ठेवा. हातपंप केगमध्ये हवा भरतो. त्या हवेतल्या ऑक्सिजनने बिअर दुसऱ्या दिवशीच उतरायला लागते, पण पन्नास माणसं जमली की दुसऱ्या दिवसासाठी उरतंय काय?

२. दुकानात फोन करून कप्लर विचारा

केगच्या तोंडावर बसतो तो कप्लर. तो गॅस आत सोडतो आणि बिअर बाहेर काढतो. बहुतेक अमेरिकी ब्रुअरींच्या केगला 'डी' प्रकारचा कप्लर लागतो आणि यंत्राबरोबर येतो तो बहुधा हाच. हाइनेकेन, स्टेला आर्टवा यांसारख्या युरोपीय बिअरना 'एस', पाउलानरसारख्या जर्मन बिअरना 'ए', गिनेसला 'यू'. कप्लर वेगळा विकत मिळतो, फार महागही नसतो, पण शनिवारी संध्याकाळी पाहुणे दारात असताना तो मिळत नाही. म्हणून ज्या दुकानातून केग घेणार त्यांना तीन गोष्टी विचारा: तुमची बिअर कोणत्या मापात येते, कोणता कप्लर लागतो, आणि रिकाम्या केगसाठी अनामत किती. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत केग विकताना नोंदणीची चिठ्ठी लावतात आणि घेणाऱ्याची माहिती लिहून घेतात, तेव्हा ओळखपत्र बरोबर असू द्या. २१ वर्षांची अट तर आहेच.

घरी स्वतः बिअर बनवणाऱ्यांच्या पाच गॅलनच्या कॉर्नी केगला कप्लर लागत नाही. झटकन बसणारे दोन जोड लागतात. यंत्र घेताना तसा संच मागून घ्या.

३. कपाटाचं आतलं माप

हाफ बॅरलचा व्यास सुमारे ४१ सेंटिमीटर आणि उंची ५९. त्यावर कप्लर बसतो आणि त्यावर नळीचं वळण, तेव्हा उंचीत आणखी १२-१५ सेंटिमीटर मोकळी हवीत. जागा कमी पडली तर बुटका कप्लर मिळतो. काही केगना बाहेरून रबराचं जाड वेष्टन असतं आणि ते सगळ्या कपाटांत मावत नाहीत. यंत्राच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं; ते बारीक अक्षर वाचाच.

सिक्स्टेल मात्र जेमतेम साडेतेवीस सेंटिमीटर रुंद असतो. पूर्ण मापाच्या कपाटात असे दोन सहज, कधी तीनही बसतात. माझं मत विचाराल तर घरासाठी हाच सौदा सगळ्यात शहाणपणाचा: मोठं कपाट, दोन तोट्या, दोन सिक्स्टेल. एकात नेहमीची लागर, दुसऱ्यात दर वेळी काहीतरी नवीन. शिवाय वजन बघा. भरलेला हाफ बॅरल ७३ किलोच्या आसपास भरतो आणि तो कपाटात चढवायला दोन धडधाकट माणसं लागतात. सिक्स्टेल २६ किलोचा, एकटा माणूस उचलू शकतो.

स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बसवायचं असेल तर पुढून गरम हवा सोडणारं, 'बिल्ट-इन' म्हणून विकलं जाणारं यंत्रच घ्या. सुटं यंत्र मागून उष्णता टाकतं. ते ओट्याखाली कोंबलं की कॉम्प्रेसर तापून लवकर मरतो. गॅरेजमध्ये ठेवणाऱ्यांनी हवामानाचा विचार करावा. फीनिक्सच्या उन्हाळ्यात घरगुती कॉम्प्रेसर थकतो, आणि शिकागोच्या जानेवारीत उणे दोन-तीन अंशांखाली केगमधली बिअरच गोठायला लागते.

४. फेस कुठून येतो ते आधी समजून घ्या

घरच्या यंत्रांबद्दलच्या दहातल्या नऊ तक्रारी फेसाच्या असतात, आणि यंत्र निवडतानाच त्यातल्या बऱ्याच टाळता येतात.

पहिलं कारण टॉवर. तोटी ज्या खांबावर असते तो कपाटाच्या वर, खोलीच्या गरम हवेत उभा असतो. त्यातल्या नळीत थांबलेली बिअर तापते आणि पहिला ग्लास निम्मा फेसाने भरतो. उपाय साधा आहे: खालची थंड हवा टॉवरमध्ये ढकलणारा छोटा पंखा. माहितीपत्रकात टॉवर थंड ठेवण्याची सोय लिहिलेली नसेल तर ते यंत्र बाजूला ठेवा.

दुसरं कारण नळीची लांबी. केग ३८ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ३ अंश सेल्सिअसच्या जरा वर असेल तर नेहमीच्या लागर-एल प्रकारच्या बिअरसाठी १० ते १२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब लागतो. हा दाब तोटीपर्यंत पोहोचेतो नळीतल्या घर्षणाने खर्च व्हायला हवा. कारखान्यातून बहुधा पाच फुटांची नळी येते. ३/१६ इंच आतल्या व्यासाची आठ-दहा फुटांची नळी लावली आणि आत गुंडाळून ठेवली की बिअर शांत येते. काही डॉलरांचं काम आहे, आणि पाचशे-हजार डॉलरांच्या यंत्रावर याहून मोठी सुधारणा दुसरी नाही.

फेस दिसला की लोक सरळ दाब कमी करतात. एक-दोन ग्लास बरे येतात, पण कमी दाबाखाली बिअरमधला गॅस केगमध्ये आणि नळीत सुटायला लागतो, फेस वाढतो आणि आठवड्याभरात बिअर मिळमिळीत होते. दाबाला हात लावण्याआधी तापमान बघा. थर्मोस्टॅटवरच्या आकड्यावर विसंबू नका. पाण्याचा ग्लास रात्रभर आत ठेवा आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवा.

तिसरी गोष्ट तोटी. स्वस्त यंत्रांत क्रोमचा मुलामा दिलेली पितळी तोटी असते आणि तिची झडप मागच्या बाजूला बंद होते. म्हणून तोटीच्या पुढच्या भागात बिअर उरते, वाळते आणि चिकटते. बारमध्ये दिवसभर बिअर वाहते म्हणून ते खपून जातं. घरी चार दिवस कोणी तोटी उघडत नाही. घरासाठी पुढून बंद होणारी, स्टेनलेस स्टीलची तोटी घ्या. पर्लिक कंपनीच्या या प्रकारच्या तोट्या प्रसिद्ध आहेत आणि बहुतेक टॉवरवर बदलून बसतात.

स्टाउटचे, म्हणजे गिनेससारख्या काळ्या बिअरचे भक्त असाल तर वेगळा संच लागेल: ७५ टक्के नायट्रोजन मिसळलेला गॅस, ३० ते ३५ पीएसआय दाब आणि बारीक छिद्रांची चकती असलेली तोटी. साध्या केगरेटरवर गिनेस लावून तो मखमली थर मिळत नाही.

५. सिलिंडर

'सगळं तयार' म्हणून आलेल्या खोक्यातला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर रिकामा असतो. तो भरून आणणं तुमच्याकडे. पाच पौंडांचा सिलिंडर घरासाठी पुरतो. गळती नसेल तर सहा ते आठ हाफ बॅरल त्यावर निघतात. काही ठिकाणी आपल्याकडच्या घरगुती गॅससारखा रिकामा देऊन भरलेला घ्यायचा असतो. तुमचा नवा कोरा जातो आणि पोचे पडलेला येतो. जिवाला लागणार असेल तर भरूनच देणारं दुकान शोधा.

रेग्युलेटरवरच्या दोन काट्यांपैकी सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा फसवा आहे. आत थोडा जरी द्रव उरला असला तरी तो जवळपास तसाच राहतो, आणि पडतो तेव्हा गॅस संपतच आलेला असतो. किती उरला ते वजनावरूनच कळतं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर कोरलेलं असतं. पहिल्या दिवशी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. बिअरपेक्षा गळतीतच जास्त सिलिंडर संपतात.

आणि हे गमतीवारी नेऊ नका: पाच पौंड द्रव म्हणजे जवळपास सव्वा घनमीटर वायू. तो हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. खिडकी नसलेल्या तळघरातल्या खोलीत तो सगळा गळला तर जिवावर बेतू शकतं. हवा खेळती ठेवा. सिलिंडर नेहमी उभा, बांधलेला ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नका.

६. इतकं सगळं नको असेल तर

बेल्जियम, जर्मनी, ब्रिटनमध्ये परफेक्टड्राफ्टसारखी ओट्यावर मावणारी यंत्रं चालतात. सहा लिटरचा केग, वेगळा सिलिंडर नाही, नळी केगबरोबरच येते, आणि लावल्यापासून सुमारे ३० दिवस बिअर ताजी राहते. कटकट शून्य. मोबदल्यात तुम्ही त्याच कंपनीच्या केगना बांधले जाता. तिच्या यादीत तुमची आवडती बिअर नसेल तर यंत्र शोभेचं. म्हणून यंत्राच्या किमतीआधी ती यादी वाचा आणि तुमच्या पत्त्यावर केग पोहोचतो का ते बघा. जर्मन सुपरमार्केटमधल्या पाच लिटरच्या डब्याला तर यंत्रच लागत नाही. खाली तोटी, वर हवेचं भोक. उघडला की त्याच संध्याकाळी संपवायचा.

महाराष्ट्रात केग परवानाधारक ठिकाणांकडे जातात, घरगुती गिऱ्हाइकाला त्यांचा नियमित पुरवठा नाही. त्यामुळे केगरेटर आणून ठेवण्यात अर्थ नाही. पुण्यात २००९ मध्ये दूलाली सुरू झाल्यापासून शहरांत मायक्रोब्रुअरी वाढल्या, आणि त्यांच्याकडून ग्राउलर (बिअर घरी न्यायची मोठी बाटली) भरून आणणं हा इथला व्यवहार्य मार्ग. छोट्या कार्बन डायऑक्साइड काडतुसावर चालणारा, तोटी असलेला स्टीलचा ग्राउलर घेतला तर बिअर एका रात्रीऐवजी काही दिवस टिकते.

७. जुनं यंत्र घेताना

हौस फिटल्यामुळे विकायला काढलेले केगरेटर अर्ध्या किमतीत मिळतात आणि अनेकदा ते नव्याइतकेच चांगले असतात. विकणाऱ्याला आदल्या दिवशीपासून यंत्र चालू ठेवायला सांगा आणि थर्मामीटर घेऊन जा. सिलिंडरवरची तपासणीची तारीख बघा. पाच वर्षं उलटली असतील तर भरणारा तो पुन्हा तपासल्याशिवाय भरणार नाही. बिअरच्या नळ्या मात्र कितीही स्वच्छ दिसल्या तरी काढून टाका आणि नव्या लावा. आंबट वास एकदा प्लास्टिकमध्ये मुरला की निघत नाही.

८. पहिला केग

आणलेला केग निदान एक रात्र आत स्थिर राहू द्या. गरम असेल तर पूर्ण २४ तास. आधी सफाईच्या क्षारयुक्त द्रावणाने नळी धुवा, मग भरपूर पाण्याने. व्यवसायात ही सफाई दर १४ दिवसांनी करतात. घरी निदान दर केगमागे करा आणि तेव्हा तोटीही खोलून घासा. सफाईचा संच यंत्राबरोबर नसेल तर त्याच ऑर्डरमध्ये मागवा, नंतर तो कोणीच मागवत नाही.

ग्लास स्वच्छ आणि ओला घ्या. फ्रीझरमधला बर्फाळलेला ग्लास फेसच वाढवतो. ४५ अंशात तिरका धरा आणि तोटी एका झटक्यात पूर्ण उघडा. अर्धवट उघडलेल्या तोटीतून फेसाशिवाय काही येत नाही. ग्लास भरत आला की सरळ करा आणि दोन बोटं फेस वर येऊ द्या. केग संपला की कप्लर काढून केग दुकानात परत न्या; अनामतीचं राहू द्या, तो केग मुळात ब्रुअरीचा असतो.