बीसीआर-एबीएल१ फिश : स्लाइडपासून ठिपके मोजण्यापर्यंत

फिश म्हणजे चमकणाऱ्या रंगाचे डीएनएचे तुकडे (प्रोब) पेशीतल्या जनुकांना चिकटवून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यांसारखे मोजण्याची चाचणी. इथे शोधायचं ते रक्ताच्या कर्करोगात दिसणारं बीसीआर आणि एबीएल१ या दोन जनुकांचं जोडलं जाणं. फिशचा निकाल बिघडला की पहिला संशय प्रोबवर जातो. बहुतेक वेळा दोष असतो स्लाइडचा, नाहीतर धुण्याच्या पाण्याच्या तापमानाचा.

रक्त किंवा बोन मॅरो सोडियम हेपरिनच्या नळीत घ्या, गोठवू नका. पेशींना ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइड (लिटरला ५.६ ग्रॅम) ३७ अंशांवर २० मिनिटं द्या. मग तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचं ताजं मिश्रण घालून तीनदा धुवा. थेंब टाकल्यावर स्लाइड फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघा. केंद्रकांभोवती राखाडी साय दिसली तर तो सायटोप्लाझम (केंद्रकाबाहेरचा पेशीद्रव) आहे, प्रोब आत शिरणार नाही. उरलेल्या पेशी पुन्हा धुऊन नवी स्लाइड करा.

चांगली स्लाइड २ एक्स (दुप्पट तीव्रतेच्या) एसएससीमध्ये, म्हणजे मिठाच्या बफरमध्ये, ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा, मग ७०, ८५ आणि १०० टक्के इथेनॉलमधून प्रत्येकी दोन मिनिटं काढून वाळवा.

प्रोब उणे २० अंशांवर, अंधारात ठेवतात. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नीट हलवा आणि मगच पिपेट बुडवा. बफर घट्ट असतो, प्रोब तळाशी बसतो. बफर ७, प्रोब १, पाणी २ असे एकूण १० मायक्रोलिटर २२ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपला पुरतात. बफरमध्ये फॉर्मामाइड असतं, हातमोजे हवेतच. बुडबुडे काढून कडा रबर सिमेंटने बंद करा (पंक्चरच्या सोल्यूशनचाच भाऊबंद). ७५ अंशांवर दोन मिनिटं, मग ओलसर डब्यात ३७ अंशांवर रात्रभर.

आता धुणं. ०.४ एक्स एसएससीमध्ये ०.३ टक्के एनपी-४० (एक डिटर्जंट), ७२ अंशांवर दोन मिनिटं. थर्मामीटर वॉटर बाथमध्ये नको, जारच्या आत हवा. प्रत्येक थंड स्लाइडने जारमधलं तापमान उतरतं, म्हणून एका वेळी चारच्या वर टाकू नका. थंड धुतलं की मागे धूसर चांदणं उरतं. फार गरम झालं की ठिपकेच निघून जातात. शेवटी २ एक्स एसएससीत मिनिटभर, मग डॅपी, म्हणजे केंद्रकं निळी दाखवणारा रंग.

एबीएल१ लाल, बीसीआर हिरवा. निरोगी केंद्रकात दोन लाल, दोन हिरवे. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांत अदलाबदल झाली असेल तर एक लाल, एक हिरवा, दोन पिवळे (लाल-हिरवा एकत्र आले की पिवळा दिसतो). दोघांनी स्वतंत्रपणे शंभर-शंभर केंद्रकं मोजावीत. एकमेकांवर चढलेली सोडून द्यावीत.

फसवतो तो एक लाल, एक हिरवा, एक पिवळा असा नमुना. बदललेल्या ९ क्रमांकावरचा तुकडा गळाला तरी तो दिसतो, आणि निरोगी पेशीत लाल-हिरवा योगायोगाने एकावर एक पडले तरी. म्हणून या नमुन्याची कट-ऑफ मर्यादा वेगळी काढावी, तीही आपल्याच लॅबमधल्या निरोगी नमुन्यांवरून. निकाल मर्यादेच्या आसपास घुटमळत असेल तर मेटाफेज (विभागणाऱ्या पेशींमधली सुटी दिसणारी गुणसूत्रं) बघा किंवा पीसीआर करा.

केएमटी२ए जनुकासाठी असतो तशा ब्रेक-अपार्ट प्रोबचं (एकाच जनुकाच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा) वाचन उलटं: निरोगी पेशीत दोन पिवळे, जनुक तुटलं की एक पिवळा, एक लाल, एक हिरवा. लाल-हिरव्यातलं अंतर दोन ठिपक्यांच्या रुंदीपेक्षा कमी असेल तर ते जोडलेलेच धरा.